शॉपिफाय की वूकॉमर्स : रिव्ह्यू वाचताना एजन्सीने काय पाहावे

नागपूरच्या इतवारीतल्या सावजी मसालेवाल्याचे दुकान ऑनलाइन न्यायचे आहे. शॉपिफाय (महिन्याचे पैसे भरून मिळणारे तयार ऑनलाइन दुकान) आणि वूकॉमर्स (वर्डप्रेस साइटवर बसवायचे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) या दोन्हींचे स्टार जवळपास सारखेच, मग सरासरी पाहून उपयोग काय? आधी दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू उघडा, तारीख आणि देश बघा.

शॉपिफायचे कौतुक बहुतेक खरे असते : होस्टिंग, अपडेट यांची कटकट नाही. पण अमेरिकेतला दुकानदार शॉपिफाय पेमेंट्स (शॉपिफायची स्वतःची पैसे घ्यायची सोय) वापरतो, म्हणून जादा व्यवहार शुल्काबद्दल तो अवाक्षर काढत नाही. भारतात ती सोय नाही. बाहेरचा पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडला की बेसिक प्लॅनवर 2 टक्के शुल्क, गेटवेचे वेगळेच. महिन्याला 5 लाखांची विक्री, त्यातली निम्मी कॅश ऑन डिलिव्हरी (तिच्यावर हे शुल्क नाही) धरली, तरी 5,000 रुपये गेले.

वूकॉमर्सचे उलटे. ‘साइट स्लो’, ‘अपडेटनंतर चेकआउट बंद’ या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा स्वस्त शेअर्ड होस्टिंगमध्ये (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) किंवा प्लगइनच्या भांडणात असते. प्लगइन फुकट मिळते, देखभाल फुकट होत नाही. स्टेजिंगवर (साइटच्या चाचणी प्रतीवर) अपडेट तपासणारा माणूस तुमच्याकडे असेल, तर त्या तक्रारी निम्म्या वजनाने धरा. नसेल तर मुकाट्याने शॉपिफाय घ्या आणि ते 5,000 कोटेशनमध्येच दाखवा.