ठराविक कोटा की साठ्यातील हिस्सा? सामाईक धरणाचा पाणीकरार नव्याने करताना

एकाच धरणावर अवलंबून असलेली नगरपरिषद, प्रादेशिक ग्रामीण पाणीपुरवठा योजनेची समिती, एखादा साखर कारखाना आणि लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था यांच्या करारांची मुदत संपत आली की चर्चेला साधारणपणे दोन मसुदे येतात. पहिल्यात प्रत्येक संस्थेला वर्षाला अमुक दलघमी (दशलक्ष घनमीटर) असा ठराविक कोटा असतो. दुसऱ्यात आकडा नसतो, तर धरणात प्रत्यक्ष होणाऱ्या उपयुक्त, म्हणजे वापरता येण्याजोग्या, साठ्यातील टक्केवारी असते. पहिला मसुदा जलसंपदा विभागाच्या छापील नमुन्यात सहज बसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी चर्चा न होताच तो मंजूर होतो. एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातर्फे अशा वाटाघाटीत मी बसलेलो आहे. आमच्याकडे विभागाशी असलेला मूळ करारनामा नेहमीच्या नमुन्यातच राहिला. हिस्सा ठरला तो संस्थांनी विभागाच्या संमतीने आपापसात केलेल्या पूरक करारात. आमचा निर्णय सर्वत्र लागू पडेल असा माझा दावा नाही. तो तसा का झाला, एवढेच येथे मांडतो.

कोट्याची बाजू कमकुवत नाही. नगरपरिषदेला अंदाजपत्रक करायचे असते, कारखान्याला गाळपाचा हंगाम आखायचा असतो आणि ग्रामीण योजनेला माणशी लिटरचा हिशेब जिल्हा परिषदेला दाखवायचा असतो. या तिघांनाही एक निश्चित आकडा हवा असतो. शिवाय राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे आणि 2011 च्या बदलानंतर शेती दुसऱ्या व उद्योग तिसऱ्या क्रमांकावर आहे, त्यामुळे शहराच्या प्रतिनिधीला वाटते की आपला आकडा कोणी हलवणार नाही. प्रत्यक्षात कमी पावसाच्या वर्षी तो हलतो. पावसाळा सरल्यावरचा, म्हणजे 15 ऑक्टोबरचा साठा हाती आला की कालवा सल्लागार समितीची बैठक लागते आणि तेथे कोणाची कपात किती हे त्या दिवशी कोण किती जोर लावतो यावर बरेचसे ठरते, कारण तुटीच्या वर्षी काय करायचे याबद्दल कोट्याच्या करारात बहुधा ‘उपलब्धतेनुसार’ एवढाच शब्द असतो. आकडा वरच्या बाजूलाही पाळला जातोच असे नाही. खडकवासला प्रकल्पातून पुणे महानगरपालिकेसाठी करारात 11.5 टीएमसी (अब्ज घनफूट) लिहिलेले असताना प्रत्यक्ष उचल कितीतरी अधिक होत राहिली, आणि त्याच प्रकल्पाच्या कालव्यावर अवलंबून असलेल्या दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांचा रोष त्या फरकावरच होता.

हिश्श्याच्या करारात ही ओढाताण कमी होते. उदाहरणादाखल, संस्थेचा हिस्सा 12 टक्के असेल आणि 15 ऑक्टोबरला उपयुक्त साठा 40 दलघमी असेल, तर खात्यावर 4.8 दलघमी जमा. साठा 25 असेल तर 3. कपातीचा वेगळा ठराव लागत नाही. तूट वाटून घेण्याचे हे तत्त्व कायद्याला नवे नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 मध्ये खोऱ्यातील तुटीचे समन्यायी वाटप सांगितलेले आहे, आणि जायकवाडीत 65 टक्के साठा होत नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा 2014 चा आदेश त्याच कलमावर उभा आहे. त्यावरूनही तुटीच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद रंगतो, हे खरे. पण तो वाद निदान एका तक्त्यावर बोट ठेवून होतो.

तरीही केवळ एवढ्यावरून मी कोटा सोडायला तयार झालो नसतो. ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती टंचाईची नव्हे, बचतीची होती.

आमच्या शहराची जुनी बिडाची मुख्य वाहिनी बदलली, गळती उतरली आणि जॅकवेलवरचे (धरणातून पाणी उचलण्याच्या विहिरीवरचे) पंप पूर्वीपेक्षा कमी तास चालू लागले. 30 जूनला पाणीवर्ष संपल्यावर जे देयक आले, त्यात प्रत्यक्ष वापराच्या रकान्यातला आकडा चांगलाच खाली गेला होता आणि आकारणीच्या रकान्यातला जवळजवळ होता तिथेच होता, कारण वापर कितीही कमी असला तरी किमान आकारणीची अट करारात होती. शिल्लक असा रकानाच त्या नमुन्यात नव्हता. न उचललेले पाणी धरणातच राहिले, म्हणजे सर्वांचे झाले आणि उन्हाळी आवर्तनात गेले. याहून खुपणारी बाब पुढे आली: नूतनीकरणाच्या टिपणीत कोणीतरी लिहिले की संस्थेचा सरासरी वापर मंजूर कोट्यापेक्षा कमी असल्याने कोटा कमी करण्यास हरकत नसावी. ज्या संस्थेने कर्ज काढून गळती थांबवली तिचाच आकडा खाली येणार, आणि जिच्या वाहिन्या रस्तोरस्ती वाहत आहेत तिचा पूर्ण राहणार. सामाईक विहिरीवर आपल्या पाळीच्या वेळी वीज गेली तर पाळी बुडते, तसाच हा न्याय. परिणाम असा की अशा संस्थांत मार्च उजाडला की गरज नसताना साठवण तलाव काठोकाठ भरून ठेवण्याच्या तोंडी सूचना निघतात, केवळ उचल दिसावी म्हणून. आमच्याकडेही त्या निघत. पाळीवरचा ऑपरेटर पंप चालवून नोंदवहीत तास लिहीत असे आणि तलावाच्या ओव्हरफ्लोचे पाणी शेजारच्या ओढ्याने जात असे.

हिश्श्याच्या पद्धतीत शिल्लक खात्यावर राहते. घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी घेऊन वाचवलेले पाणी संस्थेकडेच ठेवण्याची कल्पना नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावरच्या पाणी वापर संस्थांनी फार आधी राबवून दाखवली आहे. रब्बीत वाचवलेले पाणी उन्हाळ्यात आपल्यालाच मिळणार, ही खात्री असल्यामुळे तेथे शेतकऱ्यांनी स्वतःहून पाळ्यांचे नियोजन बसवले. ते सिंचनाचे उदाहरण आहे, पण शहराच्या पंपगृहातही माणसे तशीच वागतात, असा माझा अनुभव आहे. शिल्लक खात्यावर दिसू लागल्यापासून आमच्याकडे मार्चमधली ती उचल बंद झाली.

अर्थात हिस्सा घेणाऱ्याला काही कटकटी पत्कराव्या लागतात. साठा मोजला जातो तो पातळीवरून, आणि पातळीचे दलघमीत रूपांतर करणारा क्षेत्र-क्षमता तक्ता कित्येक धरणांवर मूळ बांधणीच्या वेळचाच असतो. दरम्यान गाळ साचलेला असतो. अशा तक्त्यावर टक्केवारी घेणे म्हणजे कागदावरच्या पाण्यात वाटा घेणे होय, म्हणून गाळाचे नवे सर्वेक्षण झाल्याशिवाय सही करू नये. शिल्लक पाण्याचे बाष्पीभवन ज्याच्या खात्यावर शिल्लक आहे त्याच्याच माथी पडायला हवे. सर्वांत कळीचे कलम सांडव्याचे: धरण भरून वाहू लागले तर आधी कोणाचे पाणी गेले असे धरायचे? आमच्याकडे आधी मागील वर्षाची शिल्लक गेली असे मानले जाते, आणि इतर संस्था याच अटीवर राजी झाल्या. यामुळे एक मर्यादाही स्पष्ट होते. सह्याद्रीच्या कुशीतील जी धरणे बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये सांडव्यावरून वाहतात, तेथे पुढील वर्षाची शिल्लक ही केवळ वहीतली शोभा आहे, आणि तेथील संस्थेने कोटाच ठेवला तर मी तिला दोष देणार नाही. पर्जन्यछायेतील, चार-पाच वर्षांतून एखाद्या वेळी पूर्ण भरणाऱ्या धरणावर मात्र कोटा घेण्याचे कारण मला सापडत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या संस्थेने हिस्सा घेताना एक खालची मर्यादा आग्रहाने लिहून घ्यावी: साठा कितीही घटला तरी माणशी ठरलेले किमान पाणी आधी बाजूला काढले जाईल आणि टक्केवारी उरलेल्यावर लागेल. पाणी वापर संस्थांचा यास विरोध होतो. आमच्याकडेही झाला, आणि शहराने सांडपाणी प्रक्रिया करून कालव्यात परत देण्याचे कलम मान्य केल्यावरच तो मावळला.

सर्व संस्था टक्केवारीस तयार नसतील, आणि एखादी नसतेच, तर मसुदा मोडू नये. कोट्याच्याच करारात दोन वाक्ये घालून घेता येतात: न उचललेल्या पाण्याचा ठरावीक भाग, निदान एक चतुर्थांश, बाष्पीभवन वजा करून पुढील वर्षी त्याच संस्थेच्या नावे धरला जाईल; आणि बचतीमुळे घटलेला वापर कोटा कमी करण्याचे कारण मानला जाणार नाही. दुसरे वाक्य आधी मागावे. दराची चर्चा सुरू झाल्यानंतर ते मागितले तर कोणी ऐकत नाही.