बोरू झकास, शाई बोगस

ऑनलाइन मागवलेला सेट, तीन बोरू आणि एक बाटली तपकिरी शाई, साडेसहाशे रुपये. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट काढायचा तसा बायबलमधला म्हातारा अब्राहाम मला काढून बघायचा होता म्हणून घेतला. पार्सल उघडलं तर बाटलीचं झाकण सैल आणि निम्मी शाई खोक्याने प्यायलेली. फोटो पाठवले, "बघून सांगतो" एवढंच उत्तर आलं, त्यालाही तीन आठवडे झाले.

बोरू मात्र खरंच भारी. आधी थोडा वेळ पाण्यात भिजवा, नाहीतर शाई धरत नाही. एकाची चीर वाकडी होती, ब्लेडने परत तासला. रेघ जाड, जोरकस येते आणि दोनेक इंचांत शाई संपत आली की कोरडी, खरखरीत होऊन फाटते, सुरुवातीला मी वैतागलो, पण म्हाताऱ्याची दाढी काढायला नेमकं हेच लागतं! आधी एकेक केस काढत बसलेलो, नुसता खराटा दिसत होता. मग शाई संपत आलेल्या बोरूने चार फटकारे मारले, मधला कागद कोरा सोडला, दाढी पांढरी झाली. डोळ्यांखाली पातळ शाईचा एक हात फिरवला, झाला नव्व्याण्णव वर्षांचा.

समोर ठेवलं होतं रेम्ब्रांटचं १६५६ चं एचिंग (तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र), देवदूत अब्राहामाकडे जेवायला आलेत ते. पाहुणे चक्क आपल्यासारखे जमिनीवर बैठक मारून बसलेत, म्हातारा सुरई घेऊन वाकलाय, दाराआड त्याची बायको सारा. ही बैठक आली मुघल चित्रातून! रेम्ब्रांटने मुघल चित्रं बघून वीसेक ड्रॉइंग केली, त्यातलं झाडाखालच्या चार बुजुर्गांचं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तेही तपकिरी शाईतच. घरी बाबांनी माझा अब्राहाम बघितला आणि विचारलं, वारीला निघालाय का हा?

शाईबद्दल काय बोलायचं, पाणी घातलं की गुलाबी पडते, खिडकीशी ठेवलेलं चित्र पंधरा दिवसांत फिकं. त्यापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानातून माजूफळ, हिराकस आणि डिंक आणून घरी करा. ती आधी काळी असते, वर्षं गेली की तपकिरी होते, युरोपात तेव्हा ही सर्रास वापरायचे. फक्त हिराकस बेताने टाका, ही शाई कालांतराने कागद खाते, जुन्या ड्रॉइंगांना तशी भोकं पडलीयत.

तीन स्टार, तिन्ही बोरूंचे. नुसते बोरू सुटे कुठे मिळत असतील तर सांगा.