मांडवाचे अँगल अंबडला जस्तात बुडवून आणले: काम कसं झालं?

द्राक्षाच्या नव्या मांडवाचे वाय अँगल (वेली-तारा पेलणारे Y आकाराचे लोखंडी आधार) या वेळी रंगवले नाहीत, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा द्यायला दिले. काम एक नंबर झालंय. दिंडोरी-निफाडकडचे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या मांडवाला रेड ऑक्साइडचा रंग होता. तार घासून भोकांपाशी रंग उडाला की तिथूनच गंज आत शिरायचा आणि पापुद्रे सुटायचे. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असतं. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आधी शेजारचं जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. तार ओढताना ओरखडे पडणारच, त्यामुळे मांडवाला हाच गुण हवा.

माल आधी ॲसिडच्या टाकीत धुतात, मग फ्लक्समधून (जस्त नीट धरावं म्हणून वापरायचं क्षारांचं द्रावण) काढतात. जस्त 419.5 अंशांना वितळतं, पण टाकी 450 च्या आसपास तापवलेली असते. अँगल वर काढायच्या आधी कामगार लांब दांड्याच्या फावड्याने जस्तावर तरंगणारी राख बाजूला सारतात. ती सारली नाही तर मालाला चिकटते. इथे हे काम मन लावून करतात, एकाही अँगलवर काळा डाग नाही. काही अँगल चकचकीत निघाले, काही मळकट राखाडी. तो दोष नाही, लोखंडात सिलिकॉन जास्त असलं की तसा रंग येतो.

सुपरवायझर दादांनी थराची जाडी मोजायचा गेज लावून दाखवला: 5 मिमी जाडीच्या अँगलवर 90 मायक्रॉन (0.09 मिमी) जस्त. जस्ताची घनता घन सेंटिमीटरला 7.14 ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला साधारण 640 ग्रॅम जस्त बसलं.

सगळ्यात आवडलं ते त्यांनी परत पाठवलेले पाइप. फॅब्रिकेटरने टोकाच्या खांबांची दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद केली होती. आत अडकलेली हवा आणि ओल तापून पाइप फुटतो, वितळलेलं जस्त माणसांच्या अंगावर उडतं. ‘भोकं पाडून आणा, मगच घेतो,’ म्हणाले. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण माणूस जपायचा, हे मला फार मोलाचं वाटलं.

एक उणीव: काही अँगलच्या टोकांना जस्ताचे थेंब तसेच गोठले होते. हाताला लागतात, कानशीने घासावे लागले.

माल घरी आणल्यावर ओला असताना थप्पी लावू नका, पांढरा गंज धरतो. आणि बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) फवारताना चुना कमी पडू देऊ नका. सुरी बुडवून तांबूस थर येतो का ते आपण बघतोच; मोकळं तांबं असेल तर जस्तावरही तसाच बसतो आणि मुलामा खातो.

दर किलोवर आहे, वजन बुडवल्यानंतरचं धरतात. छाटणीच्या तोंडावर गर्दी असते, आधी फोन करून जा.