दारू सोडायला सपोर्ट ग्रुप: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

ग्रुपला जायला लागून नऊ महिने झाले, पण न पिता सलग झालेत ते पाचच, का ते पुढे येईलच.

आधी एक सांगतो कारण मी स्वतः माती खाल्ली. रोज पिणाऱ्याने एका रात्रीत बंद करून थेट मीटिंगला जाऊ नये. मी तेच केलं आणि दुसऱ्या दिवशी हात एवढे थरथरायला लागले की मोबाईलचा पॅटर्न काढता येईना, मला वाटलं आपणच मनाने कमजोर. डॉक्टर म्हणाले हे विड्रॉवल, म्हणजे दारू अचानक तोडली की शरीर देतं ती प्रतिक्रिया, शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ७२ तासांच्या आसपास काहींना भास व्हायला लागतात, त्यात माणूस जाऊही शकतो. तेव्हा आधी डॉक्टर, मग ग्रुप. ग्रुपमध्ये कुणी औषध देत नाही आणि देऊही नये.

आता शोधाशोध. ऑनलाईन लिस्ट बघून पहिल्यांदा गेलो तर दाराला कुलूप, मीटिंग कधीच दुसरीकडे हलली होती आणि लिस्टमध्ये पत्ता जुनाच. चिडलो, आणि खरं सांगू, मनातून बरंही वाटलं, चला, आपण प्रयत्न तर केला. दुसऱ्या ठिकाणी बिल्डिंगला दोन चकरा मारल्या आणि घरी आलो. तिसऱ्यांदा मात्र आधी फोन केला, पलीकडच्या माणसाने नाव-गाव काही विचारलं नाही, एवढंच म्हणाला, "गेटपाशी उभा राहतो, निळा शर्ट आहे." आणि खरंच उभा होता. आत नेताना म्हणाला, "फोन न करता येणारे बरेच जण गेटवरूनच परत जातात, मीपण गेलो होतो." त्यामुळे लिस्टवर विसंबू नका, फोन कराच.

फोनवर अजून एक विचारा, ओपन मीटिंग आहे की क्लोज्ड. ओपनला घरचे, मित्र, कुणीही बसू शकतं, क्लोज्ड फक्त ज्यांना दारू सोडायचीय त्यांच्यासाठी. मी बायकोला घेऊन क्लोज्डला पोचलो होतो, बिचारी दीड तास बाहेर बसली.

माझा ग्रुप अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे एए. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर बाजारवाला आणि एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलत बसले त्यातून हे सुरू झालं. फी नाही, फॉर्म नाही, सोडायची इच्छा असली की झालं. पिशवी फिरते, टाकायचं तर टाका, नाहीतर पुढे द्या. एएचा दारूतून बाहेर पडायचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा, त्यात देव येतो तिथे मी अडलो होतो (अजूनही थोडा अडलेलोच आहे), मग स्पॉन्सर (ग्रुपमधला जुना माणूस, नव्याला सांभाळून घेणारा) म्हणाला, "देव राहू दे रे, आज प्यायलास का ते सांग." नाही म्हटलं. "मग बस." ज्यांना देव अजिबातच झेपत नाही त्यांनी स्मार्ट रिकव्हरी बघा, १९९४ पासून आहे, तिथे तलफ आली की डोक्यात काय विचार चालतात ते लिहून काढायला वगैरे शिकवतात, आणि ऑनलाईन मीटिंगही असतात.

मी शंकेखोर माणूस, त्यामुळे पुरावा शोधला. २०२० मध्ये कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) रिव्ह्यू आला, २७ अभ्यास, १०,५६५ लोक. डॉक्टर-समुपदेशकांनी ठरलेल्या पद्धतीने माणसाला एएशी जोडून दिलं तर सलग न पिणाऱ्यांचं प्रमाण इतर उपचारांपेक्षा जास्त निघालं, बाकी बाबतीत साधारण बरोबरी. नुसता पत्ता हातात देणं आणि जोडून देणं यात फरक आहे, निळ्या शर्टमुळे मला तो आधीच कळला होता.

चौथ्या महिन्यात घसरलो. कारण फालतू, दिवसभर उपाशी, ऑफिसात भांडण, रात्री घरी एकटा. ग्रुपमध्ये याला एक सूत्रच आहे, भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं काही असलं की आधी ते बघ. मला पाठ होतं आणि तरी प्यायलोच. दोन आठवडे गेलो नाही, फोन उचलले नाहीत. परत गेलो तेव्हा वाटलं सगळे बघतील, पण शेजारच्याने खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा दिली, बस एवढंच. दिवस मात्र पहिल्यापासून मोजायला लागले, ते फार लागलं.

तक्रारी आहेत. एक गृहस्थ दर आठवड्याला तीच गोष्ट वीस मिनिटं सांगतात, आणि मध्ये बोलायचं नाही हा नियम. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'संध्याकाळचा वॉक' ठेवलंय कुणाला कळू नये म्हणून, त्यावर गुड मॉर्निंगचा नुसता पूर. आणि पहिला ग्रुप जमला नाही तर बदला, मी पाच-सहा मीटिंग बघून दुसरीकडे गेलो, कुणी काही म्हणालं नाही.

बायको आता अल-अनॉनला जाते, ते घरच्यांसाठी असतं, १९५१ पासून चालू आहे. तिची मीटिंग आणि माझी नेमकी एकाच वारी एकाच वेळेला, मुलीला कुणाकडे ठेवायचं हा वाद दर आठवड्याला होतो, तो अजून सुटलेला नाही.