असेंबल्ड पीसी, ८ महिने: सीपीयूला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्याचं मूळ शेवटी सापडलं

ऑगस्ट २०२५ मधे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून घेतला. कॉन्फिग नेहमीचंच, रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, २४ इंची मॉनिटर, ६०० व्हीएचा यूपीएस, सगळं मिळून ४३ हजार. जुना चौथ्या जनरेशनचा आय३ चालत होता, पण त्याच्यावर विंडोज इलेव्हन जात नव्हतं आणि टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार होता, बँकेची आणि रिटर्नची कामं त्याच्यावरच होतात म्हणून मग घेतलाच. ग्राफिक कार्ड नाही घेतलं, घरात कोणी गेमवाला नाही.

स्पीडबद्दल तक्रार शून्य. बटण दाबून चष्मा पुसेपर्यंत चालू होतो, पोराचं पायथन आणि माझं वडिलांचे जुने फोटो स्कॅन करायचं काम एकावेळी चालतं, पंख्याचा आवाज रात्रीसुद्धा जाणवत नाही.

पण तिसऱ्या आठवड्यात बायको लादी पुसत होती, ओला हात कॅबिनेटला लागला आणि ती एकदम मागे झाली, म्हणाली "अहो, ह्याला करंट येतोय." मी चप्पल काढून हात लावला तर खरंच बारीक झिणझिण्या, मुंग्या आल्यासारख्या. टेस्टर लावला तर लाईट लागला. माझं डोकंच फिरलं, ४३ हजार मोजून घरात शॉक देणारी वस्तू आणली आणि ती पोराच्या पायाशी ठेवलीये!

दुकानात फोन केला, तो म्हणे "साहेब, घेऊन या, बघतो." बोलायला सोपं आहे, डोंबिवलीवरून कॅबिनेट उचलून दुपारच्या लोकलने दादर, तिकडून ग्रँट रोड, खांदा भरून आला. दुकानात लावला तर टेस्टर लागेना, हातालाही काही नाही. तो म्हणाला काहीच फॉल्ट नाही, मी म्हणलं माझी बायको खोटं बोलते का. तासभर वाद झाला, आवाज चढले, शेवटी त्याने एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा, बदलून दिला, वर दुसऱ्या चांगल्या कंपनीचा घेतला म्हणून माझ्याकडून ११०० रुपये जादा घेतले. त्या रात्री मी रिव्ह्यू लिहायला घेतला होता आणि त्यात दुकानाबद्दल फार वाईट लिहिलं होतं.

घरी येऊन लावला. टेस्टर परत लागला.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या एसएमपीएसला एकच रोग कसा असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला, आणि दुकानात का नाही लागला हाही. ऑफिसातल्या मेंटेनन्सच्या काकांना विचारलं, त्यांनी लगेच विचारलं, "सॉकेटला अर्थिंग आहे का रे?" तिसरी पिन आहे म्हणजे अर्थिंग असणारच, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. रविवारी ते मल्टीमीटर घेऊन घरी आले, कॅबिनेट आणि मीटरबॉक्समधली अर्थची पट्टी ह्यात ११० च्या आसपास व्होल्ट दाखवले, मग सॉकेट उघडलं तर वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नाही! बिल्डिंग १९८८ ची, त्या खोलीत कोणी तिसरी वायर ओढलेलीच नव्हती.

त्यांनी समजावलं ते असं. एसएमपीएसमधे लाईनमधला गोंगाट गाळायला दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग असलं की त्यातून येणारा थोडासा करंट जमिनीत निघून जातो, नसलं की बॉडी २३० च्या साधारण निम्म्यावर लटकत राहते आणि तो करंट आपल्या अंगातून वाट काढतो. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण उद्या आत कुठे फेजची वायर खरंच बॉडीला टेकली तर त्याच कॅबिनेटवर पूर्ण २३० येणार आणि त्याला जायला जागा नाही. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण पोरगा अभ्यासाला अनवाणीच बसतो. यूपीएसनेही काही फरक पडत नाही, तो बापडा सॉकेटमधली अर्थच पुढे देतो, तिकडेच नसेल तर देणार काय.

एक सांगतो आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कामाला आधी बोलावलेला इलेक्ट्रिशियन म्हणाला, सॉकेटमधेच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, पाच मिनिटांचं काम, झिणझिण्या बंद. काकांनी फोनवरच अडवलं. कारण न्यूट्रल कुठे मधे तुटली की मशीनमधून फिरून फेज थेट बॉडीवर येते, म्हणजे शॉक घालवायला जे केलं त्यानेच माणूस जायचा. असं कोणी सुचवलं तर करू देऊ नका, प्लीज. दुसऱ्या माणसाने मीटरबॉक्सच्या अर्थपासून हिरवी वायर ओढून दिली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे लीक झाला की लाईट तोडणारा स्विच) बसवला, सगळे मिळून ४२०० गेले. आता मल्टीमीटर एक व्होल्टही दाखवत नाही, आणि हेडफोनमधे जी घूं घूं यायची, जी मी साउंडकार्डची खराबी समजत होतो, तीपण गेली.

दुकानदाराला फोन करून माफी मागितली. तरी त्याची एक गोष्ट अजून खटकते, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक सांगितल्या होत्या आणि त्याने १६ ची एकच टाकली, ह्या प्रोसेसरचं ग्राफिक रॅममधूनच चालतं त्यामुळे दोन स्टिकनी चांगला फरक पडला असता. मी घरी येऊन बघितलं हे माझं चुकलं. नंतर रॅमचे भाव असे वाढले की दुसरी स्टिक आता परवडत नाही, थांबतो.

घ्यायच्या आधी कोणी विचारलं तर मी प्रोसेसर नंतर सांगतो, आधी ज्या सॉकेटला लावणार ते उघडून बघायला सांगतो. आमच्याकडे मग बाकीचेही उघडून बघितले, फ्रिजला अर्थिंग आहे, वॉशिंग मशीनच्या सॉकेटला नाही. तो माणूस ह्या रविवारी परत येतोय, तोपर्यंत मशीन बंद ठेवलंय.