वृश्चिकेचा मालक कोण, मंगळ की प्लूटो?

काल इंदूरला छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खाता खाता मामेबहिणीने मोबाईलवर माझी कुंडली काढली, त्यात वृश्चिकेचा स्वामी प्लूटो, आणि आत्याने मांडलेल्या पत्रिकेत मंगळ, मग काय, झालं सुरू.

आत्याचा हिशोब एकदम सुटसुटीत, सूर्याला सिंह, चंद्राला कर्क, बाकी पाच ग्रहांना दोन-दोन राशी, झाल्या बारा. मला हेच भारी वाटतं.

अ‍ॅपवाली पद्धत पाश्चात्य. १७८१ ला हर्षल (युरेनस) सापडला त्याला शनीची कुंभ दिली, नेपच्यूनला (१८४६) गुरूची मीन, प्लूटोला (१९३०) वृश्चिक. २००६ मधे प्लूटोचा बटुग्रह झाला तरी इथे खुर्ची कायम! मग सेरेसने काय घोडं मारलंय, तोही बटुग्रहच ना, कोणी त्याला कन्या देतात पण एकमत नाही.

बरं, प्लूटोची एक फेरी २४८ वर्षांची, त्यांच्या गणिताने १९८५ ते ९४ मधे जन्मलेल्या सगळ्यांचा प्लूटो वृश्चिकेतच, मग माझं नि शेजारच्याचं वेगळं काय सांगणार? मंगळ साधारण दीड-दोन महिन्यात रास बदलतो. बहीण म्हणे, अरे प्लूटोवरून पिढीचं कळतं. आत्या म्हणाली, पिढीचं नाही गं, याचं एकट्याचं लग्न जमवायचंय.