हेअर ट्रान्सप्लांट: डॉक्टरांना पाच तारे, क्लिनिकला अडीच

मी शिंपी आहे. वय ४२, त्यातली २२ वर्षं मशीनवर मान खाली घालून गेली. खांद्याचं माप घ्यायला पुढे झालो की ट्रायलच्या आरशात आधी माझं टक्कल दिसायचं, मग गिऱ्हाईक. शेवटी करून टाकलं. आज चौदा महिने झाले, म्हणून आता लिहितोय. ऑपरेशननंतर आठवड्याभरात जे पाच तारे देतात ते बहुधा क्लिनिकच्या सोफ्याला देत असावेत, कारण डोक्यावर तेव्हा खपल्यांशिवाय काही नसतं. क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिल्या भेटीत काउन्सेलर मुलाने अर्धा तास फोटो दाखवले आणि 'सर, फुल कव्हरेज' हे शब्द दहा वेळा उच्चारले. मग डॉक्टर आल्या. त्यांनी माझ्या मानेवरचे केस बाजूला करून एक छोटा कॅमेरा टेकवला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. केस एकेकटे उगवत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन-चार, असे एकाच भोकातून जुडगे निघालेले असतात. ते एक जुडगं म्हणजे एक ग्राफ्ट. माझ्या मागच्या बाजूला एका चौरस सेंटिमीटरला ७२ जुडगे भरले. पुढे लावताना त्या ३५ ते ४० लावणार होत्या. मी म्हटलं, निम्मेच? तर म्हणाल्या, "निम्मे केस जाईपर्यंत तुम्हाला तरी कुठे कळलं होतं?" खरं होतं.

मागून काढलेलं जुडगं परत तिथे उगवत नाही. म्हणजे या सगळ्या प्रकारात नवीन केस एकही तयार होत नाही, आहे तोच तागा दुसरीकडे जोडायचा. कापड कमी असताना पूर्ण बाहीचा सदरा मागणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो, आणि इथे मीच तसा बसलो होतो. मला विशीतली हेअरलाइन हवी होती, शिवाय मागची टाळूही भरून हवी होती. त्यांनी माझ्या गळ्यात असते तशीच टेप घेतली, भुवयांच्या मधल्या जागेपासून वर आठ सेंटिमीटरवर खूण केली आणि म्हणाल्या, याच्या खाली नाही. टाळूला हात लावायचा नाही, कारण पुढची गळती अजून थांबलेली नाही आणि दहा वर्षांनी काही लागलं तर मागे शिल्लक हवी. काउन्सेलरचं तोंड पडलं. बिल ग्राफ्टच्या संख्येवर होतं ना. माझे पाच तारे या नकाराला आहेत.

रेघेचंही तसंच. मी खडूने मारतो तशी सरळ रेघ असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी पेन्सिलने मुद्दाम वेडीवाकडी, करवतीच्या दात्यांसारखी काढली. अगदी पुढच्या ओळीत फक्त एक-केसाचे ग्राफ्ट, दोन-तीनवाले मागे. जुन्या काळी चार मिलिमीटरच्या पंचने केसांचे गठ्ठेच्या गठ्ठे उचलून लावायचे, त्यामुळे डोकं बाहुलीच्या डोक्यासारखं दिसायचं. ती पद्धत न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५२मध्ये सुरू केली. दिसायला वाईट असली तरी तिचा पाया पक्का होता: केस जिथून आणला तिथलाच स्वभाव घेऊन येतो. मागच्या केसांवर टक्कल पाडणाऱ्या हार्मोनचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून पुढे लावले तरी ते टिकतात. आजच्या सगळ्या पद्धती यावरच उभ्या आहेत.

आता पद्धतींबद्दल, कारण सगळे हेच विचारतात. एफयूटी म्हणजे मागून कातडीची अरुंद, लांब पट्टी काढायची, टाके घालायचे आणि त्या पट्टीतून मायक्रोस्कोपखाली एकेक जुडगं सोडवायचं. एफयूई म्हणजे एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या गोल पंचने एकेक जुडगं थेट डोक्यातूनच काढायचं. शिंपी म्हणून माझा ओढा पट्टीकडे होता. एका कडेची वरची कातडी जराशी छाटून दुसरी कड तिच्यावर ओढून घेतली की केस वणातूनच उगवतात, हे ऐकून तर मी खूशच झालो. चांगला रफू याहून वेगळा काय असतो? पण मी केस मशीनने बारीक कापतो आणि त्यात कितीही चांगली शिवण दिसतेच. म्हणून एफयूई. 'एफयूई म्हणजे व्रण नाही' असं जाहिरातीत लिहितात ते साफ खोटं आहे. रेघ नसते, पण ठिपके असतात. मागचे केस पार बारीक केले की माझे पांढरे ठिपके आजही दिसतात. डीएचआय, सफायर वगैरे नावांनी दबून जाऊ नका. डीएचआयमध्ये पेनासारख्या अवजाराने ग्राफ्ट रोवतात, सफायरमध्ये चिरा पाडायचं पातं वेगळं असतं. केस काढायची रीत एफयूईचीच.

ऑपरेशनच्या दिवशी सगळ्यात वाईट म्हणजे भुलीची इंजेक्शनं. कपाळाच्या कडेची तर डोळ्यांतून पाणी काढतात. दहा मिनिटांनी डोकं दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटायला लागलं, आणि मग फक्त आवाज उरला, बारीक कुर्रर्र, दर दोन सेकंदांनी एक. जेवणाच्या सुट्टीत मी ग्राफ्ट बघायला मागितले. काचेच्या थाळीत ओल्या गॉजवर दहा-दहाच्या रांगा लावलेल्या होत्या, खाली बर्फ. प्रत्येकाच्या टोकाला तांदळाच्या कणीपेक्षा लहान पांढुरकी गाठ आणि भोवती जरासा चकचकीत मांसल पदर. दोरा कापल्यावर उरणारे तुकडे असतात ना, अगदी तसे. ते कोरडे पडले की मेले, त्यामुळे बाहेर किती वेळ राहतात यावर बरंच अवलंबून असतं.

चिरा डॉक्टरांनी स्वतः पाडल्या आणि तेच खरं कसब आहे. मखमलीचा एक पॅनल उलट्या लवेने लागला तर अख्खा कोट वाया जातो. तसंच, कानशिलाजवळ केस कातडीला जवळजवळ चिकटून खाली वळतात आणि कपाळाच्या मधोमध पुढे झुकतात. तो कोन चिरेतच ठरतो. तिथे त्या एकदाही घाईत नव्हत्या. पण दुपारनंतर त्या दिसल्याच नाहीत. ग्राफ्ट रोवायचं काम तिघा टेक्निशियननी केलं. हात सफाईदार होते, काम वाईट म्हणणार नाही. मात्र कोण काय करणार हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा, आणि लेखी घ्या.

तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज उतरून डोळ्यांवर आली. बायको म्हणाली, कुणीतरी बुकलून काढल्यासारखे दिसताय. दोन दिवसांत ओसरली. पहिला आठवडा उशांना टेकून झोपायचं, दर थोड्या वेळाने सलाइनचा फवारा, दहाव्या दिवशी बोटांच्या पेरांनी हळूहळू खपल्या काढायच्या. मागचा भाग तीन महिने बधिर होता, त्याचं फार मनावर घेऊ नका.

मनावर येतं ते पुढे. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस. अंघोळीत केस. लावलेले सगळेच झडायला लागले, आणि आजूबाजूचे जुनेही काही गेले. हे होणारच असतं. वरचा केस गळतो, गाठ आत राहते आणि तीन-चार महिन्यांनी नवा केस येतो. जुन्यांनाही ऑपरेशनचा धक्का बसतो, त्याला शॉक लॉस म्हणतात. मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, पण पैसे मोजून पुन्हा टक्कल बघताना ते एक वाक्य पुरत नाही. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तोच काउन्सेलर, आणि तिन्ही वेळा उत्तर एकच: सर, पीआरपीचं पॅकेज घ्या. (पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटवाला भाग वेगळा काढून डोक्यात टोचायचा.) डॉक्टरांशी बोलणं झालं ते पाचव्या आठवड्यात, तेही मी जाऊन बाहेर बसलो म्हणून. त्यांनी कॅमेरा लावून पाहिलं, म्हणाल्या सगळं ठीक आहे, पीआरपीची गरज नाही. चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं फोनवर मिळाली असती तर मी या क्लिनिकला चार तारे दिले असते.

चौथ्या महिन्यात पहिले केस आले, बारीक आणि कुरळे, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. आठव्यापर्यंत जाड झाले, वर्षभरात सरळ. पुढचा भाग आज नैसर्गिक दिसतो. ओल्या केसांत आणि डोक्यावरच्या दिव्याखाली विरळपणा कळतो.

गोळीचं सांगायचं राहिलं. लावलेले केस टिकतात, पण मूळचे गळत राहतात, म्हणून रोज एक मिलिग्रॅम फिनास्टराइड. शंभरात मोजक्या पुरुषांना यात इच्छा कमी होणं, ताठरपणा कमी होणं असा त्रास होतो, आणि गोळी बंद केल्यावरही तो राहिल्याचं काही जण सांगतात. डॉक्टरांनी हे बायकोसमोर स्पष्ट सांगितलं. मला त्रास नाही. पण एक लक्षात ठेवा: या गोळीने प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा साधारण निम्मा दिसतो, तेव्हा रक्त द्यायला गेलात तर गोळी चालू आहे हे सांगा.

माझ्या कागदावर २,१५० ग्राफ्ट असा एकच आकडा आहे. त्यातले एक-केसाचे किती, दोनचे किती, तीनचे किती, हा हिशेब मी तीनदा मागितला. थाळीत रांगा लावणारीने तो वहीत लिहिताना मी स्वतः पाहिलं आहे. अजून मिळालेला नाही. मिळाला की अर्धा तारा वाढवतो.